हॅकेटची गाडी

बाबांना अंथरुणातून हलवायचं नाही, असं डॉक्टर बजावून गेले आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच माझ्या नवऱ्याने आमच्या गाडीवानाला, इशॅमला, गाडीच्या चाकांना वंगण घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निवडणूक होती. आमचे हे, अँब्रोज हॅकेट, फेडरलिस्टांकडून, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाकडून, विधानसभेला उभे होते आणि त्यांना बाबांचं मत हवं होतं. मला बाबा हवे होते.

“छाती भरलीय त्यांची,” मी म्हटलं. “एप्रिलचा गारठा, वर पाऊस. एका मतासाठी माणूस मारणार आहात का?”

“एका मताचा प्रश्न नाही, डॉर्कस. माझा सासराच कोर्टाच्या ओसरीवर मत द्यायला दिसला नाही तर सायलस पेटवेची माणसं काय म्हणतील? जिल्हाभर बोंब होईल.”

सायलस पेटवे म्हणजे रिपब्लिकनांचा उमेदवार. त्याचं नाव आमच्या घरात शिवीसारखं घेतलं जायचं. मी नवऱ्याचा नाद सोडला आणि बाबांकडे गेले. ते उशीला टेकून वस्तऱ्याने दाढी करत होते.

“तुम्ही जाणार नाही आहात, बाबा.”

“जाणार तर! नदीकाठची जमीन अजून माझ्या नावावर आहे, जीभ जागेवर आहे. आणखी काय लागतं मत द्यायला?”

“जीव लागतो.”

“तोही आहे की थोडाफार,” म्हणाले, हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. मी वस्तरा काढून घेतला आणि उरलेली दाढी मीच केली. हट्टी माणसाची मुलगी असणं म्हणजे हेच. भांडायचं आणि शेवटी त्याचीच तयारी करून द्यायची.

मत कुणाला, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. ज्याच्या गाडीतून कोर्टाशी यायचं, ज्याच्या पिंपातला रमचा पंच प्यायचा, मत त्यालाच. आणि बाबा तर हॅकेटच्या छपराखाली राहत होते.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. त्या हिवाळ्यात बाबांचा लढाईतला सोबती ओबेड, तिकडे मॅसॅच्युसेट्सला, गुत्त्यात बसून राष्ट्राध्यक्षांना दोन शब्द बोलला आणि सरकारविरुद्ध बोलणं गुन्हा ठरवणाऱ्या फेडरलिस्टांच्या नव्या कायद्याखाली तुरुंगात गेला. ती बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. “बरं झालं, असल्या जिभांना लगाम हवाच,” असं अँब्रोज म्हणाले. बाबांनी काटा खाली ठेवला आणि उठून गेले. त्यानंतर ते घरात राजकारणावर चकार शब्द बोलले नाहीत. अँब्रोजना वाटलं, म्हाताऱ्याला पटलं.

सकाळी इशॅमने बाबांना उचलून गाडीत बसवलं. मी दोन घोंगड्या गुंडाळल्या आणि शेजारी बसले. कोर्टासमोर चिखलात माणसांची झुंबड उडाली होती. यांच्या माणसांच्या टोप्यांवर काळी फीत, पेटवेच्या माणसांच्या टोप्यांवर तिरंगी, आणि दोन्हीकडची तोंडं सुटलेली. ओसरीवर टेबलामागे शेरिफ बसला होता. त्याच्या एका हाताला माझा नवरा, दुसऱ्या हाताला सायलस पेटवे. माणूस पायऱ्या चढायचा, नाव मोठ्याने सांगायचा, आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून, वाकून आभार मानायचा.

“आला, आला, हॅकेटचा सासरा आला!” कुणीतरी ओरडलं. “अरे, निदान मढं तरी नीट झाकून आणा!”

“तुझ्या मढ्याला खांदा देऊनच जाईन रे,” बाबा म्हणाले आणि लोक हसले. बाबांना गर्दी आवडायची. त्या क्षणी मलाही वाटलं, होईल सगळं नीट.

इशॅमने आणि मी त्यांना धरून वर नेलं. अँब्रोज आभार मानायला आधीच अर्धे उठले होते.

“रूबेन लॉफ्टिन,” शेरिफ म्हणाला, “तुमचं मत कुणाला?”

बाबांनी माझ्या हातातून हात सोडवला. एकटे उभे राहिले. “सायलस पेटवे,” ते म्हणाले.

तिरंगीवाल्यांनी आरोळी ठोकली. पेटवे उठला आणि वाकला. “मिस्टर लॉफ्टिन, मी... मी आभारी आहे,” एवढंच म्हणाला. माझा नवरा तसाच अर्धवट उभा होता. त्यांचा चेहरा पाहून मला त्यांची दया आली. हेही सांगायलाच हवं.

“जावईबापू,” बाबा हळूच म्हणाले, “हे तुझ्याविरुद्ध नाही. त्या कायद्याविरुद्ध आहे.”

अँब्रोजनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “इशॅम,” ते म्हणाले, “गाडी घेऊन गिरणीवर जा. तिथे आपले मतदार खोळंबलेत.”

“मालक, पण म्हाताऱ्या साहेबांना...”

“गाडी माझ्या मतदारांसाठी आहे.”

“अहो!” मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही. इशॅमने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेला. न जाऊन सांगतो कुणाला? त्या ओसरीवर त्याचा शब्द चालत नव्हता आणि माझाही चालत नव्हता.

बाबांना बाकावर बसवून मी त्यांना घोंगडीत लपेटलं. त्यांचे दात वाजत होते. “बघ गं,” ते म्हणाले, “गाडी वळली का?” थोड्या वेळाने पुन्हा, “येईल तो. रागावलाय, पण पाठवेल.” रस्त्याच्या वळणावर चाकं वाजली की ते मान उंच करायचे. दुसऱ्याच कुणाची तरी गाडी असायची.

शेवटी पेटवे खाली आला. “माझी गाडी तयार आहे, मिस्टर लॉफ्टिन. चला, घरी सोडतो.”

“नको.”

“अहो बाबा, बसा ना!” मी अक्षरशः रडत होते.

“मत तुला दिलं आणि तुझ्याच गाडीतून गेलो, तर लोक म्हणतील म्हातारा विकला गेला,” ते पेटवेला म्हणाले. “मग त्या मताला काय अर्थ राहिला?” पेटवेने टोपी काढली. त्याला ते कळलं, कारण तोही इथलाच. मला कळत होतं आणि तरी मला किंचाळावंसं वाटत होतं. त्या दिवशी गावात अशी एक गाडी नव्हती, जी कुणाच्या ना कुणाच्या पक्षाची नव्हती.

आम्ही चालत निघालो. पावसात, घोटाभर चिखलात, दर कुंपणाशी थांबत. वाटेत ते मला माझ्या आईबद्दल काहीबाही सांगत होते, मग तेही थांबलं. घराच्या फाटकाशी ते माझ्या अंगावर कोसळले.

अँब्रोज संध्याकाळी आले, ते वाजतगाजत. चांगल्या मताधिक्याने जिंकले होते. बाबांनी मत दिलं काय, न दिलं काय, काही फरक पडला नसता. अंगणात लोक त्यांच्या नावाने ओरडत होते आणि वरच्या खोलीत बाबांचा श्वास करवतीसारखा चालला होता. तो आवाज ऐकल्यावर अँब्रोजनी लोकांना घालवलं. वर आले आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसले. 

“मी गाडी पाठवायला हवी होती, बाबा.”

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी अँब्रोजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वेडा आहेस,” ते म्हणाले. “पाठवली असतीस तरी मी बसलो नसतो.”

नवरा ओक्साबोक्शी रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पहाटे ते गेले.

याला आता कैक वर्षं झाली. आमची मुलं मोठी झाली, तो कायदाही कधीच संपला. जेवायला पाहुणे आले की अँब्रोज अजून बाबांची आठवण काढतात, मनापासून काढतात. “फार मानी माणूस,” ते म्हणतात. “गाडी पाठवली असती तरी बसले नसते, स्वतः मला म्हणाले होते.” पाहुणे माना डोलावतात. मग अँब्रोज माझ्याकडे बघतात, दर वेळी बघतात, आणि मी म्हणते, “हो, तसेच होते ते.”