लाल राहिलेली बाटली

धाकटीचं काम सांगायला सोपं, पण ऐकणाऱ्याच्या घशाखाली उतरायला अवघड. ती कर्करोगाच्या पेशींना जेवू घालायची. प्रयोगशाळेत अंगाइतकं ऊबदार ठेवलेलं एक कपाट होतं आणि त्यात चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या असत. दर दोन दिवसांनी बाटलीतलं जुनं पाणी ओढून काढायचं, ताजं भरायचं. त्या पाण्यात साखर असे, क्षार असत, प्रथिनांचे घटक असत आणि एक लाल रंग असे. पेशींनी साखर बकाबका खाल्ली की पाणी आंबतं आणि लालाचं पिवळं होतं. पिवळी बाटली दिसली की समजावं, आत पंगत जोरात चालली आहे.

“आली राक्षसांची आचारीण,” असं म्हणून भाऊजी तिचं स्वागत करायचे. ताईचा नवरा, शिंपी माणूस. ओठांत टाचण्या धरूनही टोमणा अचूक मारायचा.

मग त्यांच्याच आतड्यात गाठ निघाली. गाठ काढली, पण थोडं यकृतात उतरलेलं होतं, म्हणून शिरेतून औषधाचे बारा डोस ठरले. त्या पहिल्या आठवड्यात ताईने धाकटीला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि विचारलं, “तू तर रोज बघतेस त्यांना. खातात तरी काय मेले?”

“साखर,” धाकटी बोलून गेली. “नुसत्या तुटून पडतात साखरेवर.”

एवढंच ती बोलली. पण ताई ऐकलेली गोष्ट कानाआड करणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा शेजारी गेला. मागोमाग फळं गेली, बटाटा गेला, भात गेला, पाव गेला. “शत्रूची रसद तोडायची,” ती म्हणायची. आणि जे नवऱ्याच्या तोंडी जाणार नाही ते आपल्याही जाणार नाही, असा देवापुढे हात जोडून तिने संकल्प सोडला. ताईचे संकल्प लहानपणापासून पक्के. रुग्णालयातली आहार सांगणारी बाई म्हणे, “त्यांना पोटभर खाऊ द्या.” ताई मान डोलवायची आणि घरी येऊन उकडलेला पाला वाढायची. “तिचं काय जातंय? नवरा माझा आहे.”

सहा डोस झाले. सातव्याच्या वेळी ताईला कणकण होती, म्हणून भाऊजींबरोबर धाकटी गेली. नर्सने त्यांना काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“काका, खिशात काय आहे?”

“कुठे काय?”

“खिसा गुडघ्यापर्यंत लोंबतोय.”

भाऊजींनी ओशाळून खिशातून कापड कापायची लोखंडी कात्री काढली. “धंद्याचं हत्यार आहे. बरोबर असलेलं बरं.” नर्स हसली, धाकटीही हसली, आणि काट्यावरचा आकडा खाली आला तसं दोघींचं हसू मावळलं.

डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. “इतक्या अशक्त अंगाला हे औषध सोसणार नाही. आठ दिवस देतो. वजन किलोभर तरी वाढू द्या. आणखी उतरलं, तर मला औषध थांबवावं लागेल.”

बाहेर बाकावर बसून भाऊजी सदरा नीट खोचू लागले, तेव्हा धाकटीला त्यांच्या विजारीचा कमरपट्टा आतून दिसला. नव्या शिवणीच्या बाजूला उसवलेल्या जुन्या शिवणींची बारीक भोकं होती. एक ओळ, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी.

“हे काय, भाऊजी?”

“टिपा. दर तीन आठवड्यांनी आत घेतो. ढगळ दिसलं की तुझी ताई घाबरेल.” त्यांनी सदरा ओढून घेतला. “तिला सांगू नकोस हं. तिला वाटतंय ती जिंकतेय. तेवढं तरी असू दे तिच्याकडे.”

धाकटीलाही एक गोष्ट ठाऊक होती आणि तीही दोन आठवडे गप्प होती.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिच्याकडून काही बाटल्या साखरेवाचून ठेववल्या होत्या. पहिल्या आठवड्यात पेशी पटापट मेल्या. धाकटीला तेव्हा ताईला फोन करावासा वाटला होता, बरं झालं केला नाही. चौथ्या आठवड्यात उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या. हे ताईला सांगायचं म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातली फळी ओढून घेणं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने दिवस ढकलले होते. आता ढकलायला आठच उरले होते.

शनिवारी दुपारी मॅडमची परवानगी काढून तिने ताईला प्रयोगशाळेत नेलं. ताईने चपला दाराबाहेरच काढल्या. धाकटीने दोन बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. एक पिवळी होती, एक लाल.

“या त्यांच्या नव्हेत ना गं?” ताईने हळूच विचारलं.

“नाही, भाऊजींच्या नाहीत. पण त्याच जातीच्या.”

“साखर कुठलीत नाही?”

“लाल आहे तिच्यात.”

ताईचा चेहरा उजळला. “बघ! रंगसुद्धा पालटला नाही. मी काय म्हणत होते?”

“ताई, इथे डोळा लाव.”

ताईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. धाकटीने चाकी फिरवून दृश्य स्पष्ट करून दिलं. ताई आणखी वाकली.

“फरशी बसवल्यासारखं दिसतंय. जागाच नाही कुठे.”

“त्याच त्या.”

“पिवळीतल्या?”

“लाल बाटलीतल्या.”

ताईने डोळा काढला, बाटली पाहिली, पुन्हा डोळा लावला. “उपाशी होत्या ना?”

“साखरेला उपाशी. उरल्या त्या दुसरं खायला शिकल्या. प्रथिनातला एक घटक असतो, ग्लुटामिन म्हणतात. आपल्या स्नायूंत तो भरपूर असतो. त्यावर जगतात. कुणी चरबी जाळतात. कुणी शेजारच्या पेशीने टाकलेलं आंबटही उचलतात. पुढ्यात येईल ते.”

“मग रंग कसा बदलला नाही?”

“पिवळा रंग साखरेच्या उष्ट्याचा. साखर नाही तर ते उष्टं नाही. खाणाऱ्या आहेतच.”

ताईने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. “आणि माणसाच्या अंगात?”

“अंगात साखर संपतच नाही, ताई. मेंदूला ती लागते. तोंडावाटे मिळाली नाही तर शरीर स्वतःचं मांस वितळवून ती तयार करतं.”

तीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलेली बाई. ती म्हणाली, “म्हणजे कापडाचं ठाण संपलं म्हणून अंगातलाच सदरा कापायचा.”

“हो.”

“तू म्हणाली होतीस साखर.”

“म्हणाले होते. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.”

“आणि तुझ्या अर्ध्यावर मी त्यांना...”

“सगळं तुझ्यामुळे नाही गं. तो आजारही वजन खातो. किती त्याने खाल्लं आणि किती आपल्यामुळे गेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.”

“तेच तर वाईट,” ताई म्हणाली. “कळलं असतं तर तेवढ्याची तरी माफी मागितली असती.”

मग भाऊजींनी बजावलेलं मोडून धाकटीने विजारीचं सांगितलं. ताईने एकच विचारलं, “किती टिपा?”

“तीन.”

घरी येताच ताईने लोण्यात बटाटा कुस्करला, दूध आटवून त्यात साखर घातली आणि वाटी घेऊन भाऊजींसमोर बसली.

त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं. “काय गं, राक्षसांशी तह झाला वाटतं?”

“खा मुकाट्याने.”

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ते थांबले. “लोखंड चाटल्यासारखं लागतंय. औषधाने जीभ मेली माझी. महिन्यापूर्वी दिलं असतंस तर वाटी चाटली असती.” बोलून गेल्यावर त्यांना उमगलं. ते घाईघाईने म्हणाले, “तसं नव्हे गं. तूही घे ना.”

“मी नाही घेणार. माझा संकल्प माझा आहे, बारा डोस होईपर्यंत मी पाळीन.” ताईचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “तुमचं पोट मात्र माझं नव्हतं. ते मी तुम्हाला न विचारता त्यात घातलं.”

भाऊजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान खाली घातली. ताईने हात लांब करून त्यांचा सदरा वर केला आणि कमरपट्ट्यावरून बोट फिरवलं. भोकांची पहिली ओळ, दुसरी, तिसरी.

“चौथी घालू नका,” ती म्हणाली.

“आणि ढगळ झाली तर?”

“ढगळ दिसू दे. मला दिसलं पाहिजे.”

तिने चमचा पुन्हा पुढे केला. भाऊजींनी डोळे मिटून तो तोंडात घेतला आणि नुसताच धरून ठेवला. दोघी बहिणी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. किती तरी वेळाने गळ्याची घाटी वर सरकली, अडली, खाली आली.

ताईने पुढचा चमचा भरून धरला.