रिकामी कात्री

अख्ख्या गल्लीची डोकी सांभाळणाऱ्या सलूनवाल्याच्याच घरात झिपऱ्या वाढल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याची चार वर्षांची लेक, जिला सगळे भिंगरीच म्हणत, डोळ्यांवर केस घेऊन फिरायची आणि दारांना धडकायची.

तिला ऑटिझम आहे, आवाज आणि स्पर्श तिला आपल्यापेक्षा फार लागतात, असं डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं. सलूनवाल्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या आईच्या सल्ल्याने, घरच्यांनी मिळून पोरीला दुकानातल्या खुर्चीत दाबून धरलं. जेमतेम दोन बटा कापल्या गेल्या. भिंगरी त्याच्या मनगटाला कडकडून चावली, आणि ज्या खुर्चीवर रोज येऊन गरगर फिरायची, त्या खुर्चीकडे तिने पाठच फिरवली. आता ती उंबऱ्यावर बसून राहायची, आत पाऊल टाकायची नाही. हे त्याला चाव्यापेक्षा जास्त झोंबलं. केसांचं काय, आज ना उद्या कापता येतील. पण लेक आपल्याला भिते, हे कोणत्या बापाला सोसेल?

एका दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा खुर्चीत मास्तर होते. मास्तर निवृत्त आणि त्यांचे केसही निवृत्तीला आलेले. पण गिऱ्हाईक जुनं, म्हणून भिडेखातर सलूनवाला त्यांच्या टकलावर हवेतच कात्री वाजवत राहायचा, कचकच कचकच. जोडीला तोंडाचा पट्टा होताच.

"अहो, वारा कापताय का?" बायकोने विचारलं.

"अगं, हात चालता ठेवावा लागतो. कात्री थांबली की गिऱ्हाईकाला वाटतं, हा झोपला."

"जरा लेकीकडे बघा."

कात्री केसांत गेली की भिंगरी शांत बसायची. हवेत वाजली की कानांवर हात. आणि बापाने तोंड उघडलं की डोळेसुद्धा गच्च मिटायची. सलूनवाला ओशाळला. तो बिचारा इतके दिवस कात्री बोथट म्हणून तिला धार लावत होता.

मास्तरांनी उदार मनाने टक्कल बिनआवाजाच्या सरावाला दिलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कात्री हवेत वाजायची ती वाजायचीच. जिभेला तर हाडच नव्हतं, म्हणून बायकोने त्याच्या दातांत कंगवा दिला. गिऱ्हाइकं घाबरली. "घरी सगळं ठीक आहे ना?" असं जो तो हळूच विचारू लागला. मास्तरांना मात्र त्या खुर्चीत पहिल्यांदाच डुलकी लागली.

अखेर एके दिवशी भिंगरी उंबरा ओलांडून आली. खुर्चीवर चढली, मनसोक्त गरगरली आणि थांबली. दातांत कंगवा धरून सलूनवाल्याने एक बट कापली. मग दुसरी. त्याची आई बाकावर श्वास रोखून बसली होती. अर्धं डोकं झालं आणि मेल्या हाताने सवयीने कात्री हवेत वाजवली, कच! भिंगरी टुणकन खाली उतरली.

"धर तिला!" आई उठलीच. "दोन मिनिटांचं काम राहिलंय. अशी अर्धवट पोर गल्लीतून नेऊ का मी?"

आईपुढे कधी चकार शब्द न काढलेल्या सलूनवाल्याने दातांतला कंगवा काढला. "तिला कोणी हात लावायचा नाही, आई. उरलेले उद्या."

"आणि उद्या आली नाही तर?"

त्याने कात्री पुसून खणात ठेवून दिली.

एकीकडून टापटीप, दुसरीकडून झुडूप अशी भिंगरी संध्याकाळभर गल्लीत मिरवली. "घरचंच गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलंस?" म्हणून लोकांनी त्याची यथेच्छ खेचली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने शटर वर केलं, तोच त्याच्या बगलेखालून कोणीतरी आत शिरलं आणि थेट खुर्चीवर जाऊन बसलं. सलूनवाल्याला भरून आलं. राहवलं नाही, तोंड उघडलंच.

"या, या, बाईसाह..."

भिंगरीने एका हाताने त्याचं तोंड बंद केलं आणि दुसऱ्या हाताने समोरचा कंगवा उचलून त्याच्यापुढे धरला.

त्याने तो निमूटपणे दातांत घेतला. डोळे वाहत होते, पण बोलायची सोय नव्हती.