उतरलेलं पाणी

चिंधा नानांना पाणी कळतं, असं अख्ख्या साक्री तालुक्यात म्हणत. म्हणजे बरेचदा नानाच म्हणत. चाळीस वर्षं पांझरेच्या वाळूत टरबुजाची वाडी केलेला माणूस. नदी मागे सरली की कुठे खड्डे घ्यायचे आणि कुठे पाऊलही टाकायचं नाही, हे ते काठावर उभं राहून सांगत. असा माणूस समुद्रात अडकला, ही गोष्ट साक्रीत अजून कोणाला ठाऊक नाही.

नाना कोकणात फिरायला आले नव्हते. त्यांची लेक दिपमाला सहा वर्षांपासून रत्नागिरीकडच्या एका खडकाळ गावात शिक्षिका होती. यंदा जिल्हाबदलीचे ऑनलाइन अर्ज निघाले होते, धुळ्यात जागाही होती, पण पोरगी फोनवर नुसतं ‘भरस, भरस’ म्हणत होती. मुदत रविवारी संध्याकाळी पाचची. मंजुळाबाईंनी शुक्रवारीच नवऱ्याला एसटीत बसवलं आणि बजावलं, की पोरीला समोर बसवून अर्ज भरून घ्या, नाहीतर घरी येऊच नका.

रविवारी सकाळी दिपमाला भाकरी थापत होती, तेवढ्यात नाना किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. काळे खडक लांबवर उघडे पडले होते, लाल खेकडे नानांना बघून आडवे पळत होते. पुढच्या उंच खडकावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा बाजार भरला होता. नानांना पोरासारखी गंमत वाटली. उतरलेलं पाणी त्या हंगामात परत चढत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. ते बिनघोर खडकावर जाऊन बसले, समुद्री गरुडाने मासा उचललेला पाहिला आणि फेब्रुवारीच्या उन्हात चक्क डुलकी काढली.

जाग आली तेव्हा चहूकडे पाणी आणि एक चप्पल गोव्याच्या दिशेने निघालेली.

“नाना, तठेच बसा! हालू नका!” दिपमाला डोक्यावर डबा धरून कमरेएवढ्या पाण्यातून आली आणि सराईतपणे वर चढली.

“अवं माय, बठ्ठं पानी उतरी गयं व्हतं. परत कथाईन उनं?”

“समुद्र शे हाऊ, नाना. दिनमा दोनदा येस.”

नानांचा चेहरा पडला. दिपमाला पोट धरून हसली. खडकाचा माथा बुडत नाही, पण नानांना शेवाळावरून न्यायचं तर पाचपर्यंत थांबायला हवं, असं तिने सांगितलं. मग कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना ती बोलतच सुटली. कुरव थंडीत येतात, मार्चअखेर जातात. श्रावणात वरच्या कातळावर पाय ठेवायला जागा नसते, इतकी फुलं. कोणत्या महिन्यात पाण्याचा रंग कोणता, तेही तिला पाठ होतं. लेक इथे एकटी रडत असेल, असं नाना सहा वर्षं समजत होते. तिला तर हे पाणी त्यांच्या पांझरेसारखं कळत होतं. त्यांना अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं.

साडेतीनला दिपमालाने पदरात गुंडाळलेला मोबाइल काढला. “आठे रेंज शे, नाना. तुम्ही सांगा तं आत्ते भरस.” आवाजात राग नव्हता. बापाने सांगितलं असतं, तर तिने खरंच भरला असता.

नानांनी मोबाइल हाताने बाजूला सारला.

“तुले आठे करमस का?”

“करमस. तुमनी भलती याद येस, पन करमस.” तिचे डोळे भरले.

“मंग ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले आणि त्यांनी उपरण्याने स्वतःचेच डोळे पुसले.

पाच वाजले. पाणी गुडघ्यावर उतरलं. नानांनी लेकीचा हात धरून पाय खाली सोडला, तोच दिपमालाचा मोबाइल वाजला. तो नानांनीच घेतला.

“फारम भराई गया का?” पलीकडून मंजुळाबाई.

“नही ना. आठे रेंजच नव्हती,” नाना म्हणाले.

“मंग आते कशी बोली ऱ्हायनात?”

नाना पकडले गेले. त्यांनी कुरवांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. “तूच आठे ये,” ते हळूच म्हणाले. “मार्च सराना पहिले ये. पाखरे उडी जातीन.”

पलीकडे मंजुळाबाईंनी नाक ओढलं आणि पिशवी भरायला घेतल्यासारखं विचारलं, “पोरले काय लई येऊ?”