मला ठेवा, अल्पेशला बोलवा

"परत तुंबला. सकाळच्या पारी माणसानं जायाचं कुठं, समुद्रावर?"

ठमाबाई बादली घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभ्या होत्या आणि कुरकुरत होत्या. बोलणं कमोडला होतं, पण दाराआडच्या खिळ्यावर मी लटकलेला. माझ्या कानाशीच ते झाल्यामुळे मलाही थोडं लागलं. म्हातारपणी माणूस काय नि वस्तू काय, हळवी होतातच.

मी एक जुना रबरी पंप आहे. सायकलीत हवा भरणारा नव्हे आणि विहिरीवरचा तर नव्हेच नव्हे. संडास तुंबला की ज्याची आठवण होते आणि मोकळा झाला की ज्याचा विसर पडतो, तो मी. खाली उपड्या वाटीसारखं लाल रबर, वर हातभर लाकडी दांडा, एवढाच माझा देह. जेवताना माझं नाव काढायचं नाही, असा या घरात नियम आहे. मला हात लावला की माणसं दोन दोनदा साबण लावतात. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. मित्रांनो, ज्याला आपलं काम नीट येतं त्याला आपल्या कामाची लाज वाटत नाही.

एका पत्र्याच्या शेडमध्ये गरम साच्यात दाबून माझी वाटी घडवली. त्याच रबराचे माझे काही भाऊ मोटारीतल्या पायपुसण्या झाले. ते गार हवेत बसून फिरतात म्हणे. मी अलिबागच्या बाजारात एका दुकानात, नायलॉनची दोरी आणि उंदराचा सापळा यांच्यामध्ये वर्षभर लोंबकळलो. मग एके दिवशी जीवन आला. त्याने माझा दांडा हलवून पाहिला आणि मला पिशवीत टाकून किहीमला आणलं.

समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, नारळी-पोफळीच्या वाडीत हे घर आहे. धर्माजी आणि ठमाबाई हे म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा जीवन आणि सून कल्पिता. जीवन बंदरातला ट्रेलर चालवतो, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस घरी आणि पाच दिवस रस्त्यावर. वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, आणि त्या खोल्या एकटी कल्पिता चालवते. चादरी तिच्या, मासळीचं जेवण तिचं, आणि कुठे काही तुंबलं तर मला घेऊन जाणारे हातही तिचेच.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मला उखळात मुसळ घालावं तसं धबाधबा मारलं. पाणी तिच्या तोंडावर उडालं आणि तुंबलेलं तसंच राहिलं. मग ती जरा थांबली. चिडल्यावर थांबता येणं हा तिचा मोठा गुण आहे. हळूहळू तिला उमजलं की माझी वाटी पाण्यात पूर्ण बुडायला हवी, पाणी कमी असेल तर बादलीतून थोडं घालावं. पहिला दाब अगदी हलका द्यावा, आतली हवा निघून जाऊ द्यावी. मग माझी कड चारी बाजूंनी भांड्याला चिकटली की दाबावं आणि झटक्याने खेचावं. दाबणं हे निम्मं काम, खरं काम खेचण्यात आहे. पंधरा-वीसदा असं केलं की आतून 'गुडुप' आवाज येतो आणि पाणी आज्ञाधारक मुलासारखं खाली जातं. आणि हो, भांडं काठोकाठ भरलेलं असताना पुन्हा पुन्हा फ्लश ओढायचा नसतो. हे पाहुण्यांना का कळत नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मी साबणाची वडी काढली, ओल्या टिश्यूंचे बोळे काढले, एकदा तर ओंजळभर कोळंबीची सालं काढली. ती कुणी आणि का टाकली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी कल्पिता माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणाली, "शाबास रे माझ्या वाघा." काम झालं की ती मला फिनेलच्या पाण्यात बुचकळून मागच्या भिंतीशी उन्हात उभं करायची. जास्वंदीखाली, चेंबरच्या झाकणाशेजारी. तिथून मला सगळं घर ऐकू यायचं.

मग गेल्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि घरातला कमोड तुंबू लागला. दोन वर्षांपूर्वी जीवनने तो खास म्हातारा-म्हातारीच्या सोयीसाठी बसवला होता. पाहुणे तिकडे फिरकतही नाहीत.

पहिल्या खेपेला मी जोर लावून वर आलो तेव्हा माझ्याबरोबर एक चिंधी आली. निळ्या चौकटीच्या लुंगीची, वीतभर रुंद, नीट तीन घड्या घातलेली. कल्पिताने ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वर्तमानपत्रात गुंडाळून केळीच्या बुंध्याशी पुरली आणि ओटीवर येऊन म्हणाली, पाहुण्यांनी काहीतरी टाकलं असेल. ठमाबाई लगेच म्हणाल्या, व्हय, तेच ते, दुसरं काय. इतक्या लगेच म्हणाल्या की त्यांनाही सगळं ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळलं.

मित्रांनो, मी तुम्हांला कोडं घालत नाही. धर्माजींना लघवी धरवत नव्हती. शिंक आली, खोकला आला, पाट उचलायला वाकले, की कपडे ओले. वय झालं की पुष्कळांचं असं होतं. पण धर्माजी म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. चाळीस वर्षं एका बैठकीत चार चार तास मांडी न मोडता वाजवलेला माणूस. त्यांना हे कुणाला सांगवेना. ते जुन्या लुंग्या फाडून घड्या करत आणि आत ठेवत. त्या धुऊन दोरीवर टाकाव्या तर अंगणात पाहुणे, शेजारी, येणारे-जाणारे. जाळाव्या तर धूर कसला म्हणून कुणीतरी विचारणार. मग उरला कमोड. एक बादली पाणी ओतलं की चिंधी दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असं त्यांना वाटे. पाइपाच्या वळणात काय साठत होतं ते मला ठाऊक होतं.

पुढे पुढे ते दुपारनंतर पाणी पिईनासे झाले. खाटेशी ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच असे. भजनाला जाणं सुटलं. मंडळातलं कुणी बोलवायला आलं की ठमाबाई सांगत, गुडघा दुखतोय. जीवन घरी आला की म्हणे, बाबांना एकदा डॉक्टरकडे न्यायला हवं. आई विचारी, गुडघ्यासाठी ना? तो म्हणे, हां हां, गुडघ्यासाठीच. बिचाऱ्या गुडघ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. चार माणसांचं घर, चौघांनाही ठाऊक, आणि चौघंही आपापल्या कोपऱ्यात ते एकेकटी वाहत होती. दुखणं लहान होतं, पण त्यापायी म्हातारा ओटीवर सुकत चालला होता.

प्लंबर बोलवावा, हे कल्पिताच्या मनात कितीदा तरी आलं. प्लंबर म्हणजे अल्पेश, दोन घरं सोडून राहणारा. हात सोन्याचा, पण तोंडात तीळ भिजत नाही. वर तो त्याच भजनी मंडळात टाळ वाजवतो. त्याच्या हाती चिंधी लागली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळणार, असा घरादाराचा धसका. म्हणून सगळा भार माझ्यावर आला.

मी नाही म्हणणारा नव्हे. पण प्रत्येकाच्या हाताला एक मर्यादा असते आणि ती ओळखण्यात कमीपणा नाही. भांड्यात अडकलेलं काढणं माझं काम. पुढे लाइनच भरली असेल तर तिथे माझा हात पोचत नाही. त्याच्या खुणाही सांगतो. कमोडमध्ये मला खेचलं की पलीकडच्या मोरीत बुडबुडे येऊ लागले. कुणी आंघोळीचं पाणी ओतलं की कमोडमधलं पाणी आपोआप वर चढू लागलं. आज मोकळं केलेलं परवा तुंबू लागलं. मित्रांनो, असं दिसलं की मला खिळ्याला टांगावं आणि जाणत्या माणसाला बोलवावं. कल्पिताला हे कळत नव्हतं असं नाही. कळत असूनही ती म्हणे, अजून एकदा बघू.

त्यातच जीवनने ॲसिडची बाटली आणली. त्याने ती ओतली, आणि धीर न निघून कल्पिताने लगेच मला त्यात घातलं. माझी कड जळून चिरली. एक थेंब उडून तिच्या मनगटावर पडला आणि रुपयाएवढा फोड आला. ॲसिड ओतलेल्या भांड्यात मला कधी घालू नका रे बाबांनो. माझं जाऊ द्या, तुमचे डोळे परत मिळणार नाहीत. त्या संध्याकाळी जेवताना धर्माजींची नजर तिच्या मनगटावरच्या पट्टीवर होती. अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली म्हणे.

आणि मग तो शनिवार आला. सुरुवातीला सांगितलेली ठमाबाईंची कुरकुर त्याच सकाळची. कमोड काठोकाठ भरला होता, आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरात जाळीतून घाण पाणी वर येऊन पार उंबऱ्यापर्यंत पसरलं होतं. पुण्याहून आलेलं कुटुंब चपला हातात घेऊन अंगणात उभं. कल्पिताने त्यांची माफी मागितली, त्यांना पलीकडच्या वाडीत खोली बघून दिली आणि पदर खोचून पुन्हा माझ्याकडे आली. पट्टी बांधलेल्याच हाताने तिने मला उचललं.

माझी कड आता भांड्याला धरत नव्हती. तिने दहादा खेचलं, वीसदा खेचलं. तिच्या श्वासाचा आवाज होत होता. तेवढ्यात दारात सावली पडली. धर्माजी ओटीवरून उठून आले होते. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"सोड ते," ते म्हणाले. "अल्पेशला फोन लाव."

"कशाला बाबा? मी करतेय ना. व्हईल आता."

"न्हाय व्हायाचं. लाव फोन."

ठमाबाई पटकन म्हणाल्या की अलिबागहून कुणी अनोळखी मिळतो का बघू. धर्माजी भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले. कल्पिताने फोन लावला.

अल्पेश अर्ध्या तासात आला. खांद्यावर लांब स्प्रिंगचं भेंडोळं, हातात पहार. आल्या आल्या त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की आत ॲसिड वगैरे काही ओतलंय का. आधीच सांगा, म्हणाला, हे हात मला अजून वीस वर्षं वापरायचेत. मग त्याचं लक्ष कल्पिताच्या हातातल्या माझ्याकडे गेलं.

"वहिनी, ह्या बिचाऱ्याचा जीव घेतलात. ही बिमारी ह्याच्या हातातली न्हाय. चार महिने आधी बोलवायचं होतं."

इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारा हा पहिलाच माणूस. गाव त्याला तोंडाळ म्हणत असेल, तर माझी हरकत आहे.

तो मागे गेला, जास्वंदीखालचं झाकण पहारीने उचललं आणि स्प्रिंग आत सोडली. फिरवत, थोडी ओढत, पुन्हा फिरवत. त्याचं काम बघताना मला फार बरं वाटलं. जिथे मी कधी पोचलो नसतो तिथे त्याची तार सहज वळत गेली. सगळं घर भोवती उभं होतं. जीवन ट्रेलर लावून नुकताच आला होता, त्याने कंपनीचे कपडेही बदलले नव्हते. मग काहीतरी अडकलं, अल्पेशने पाय रोवून ओढलं, आणि चेंबरमध्ये चिंध्यांचा गोळा आला. एक, मग दुसरा. टोपलीभर निघाल्या. मागोमाग कोंडलेलं पाणी धो धो वाहून गेलं. त्या आवाजाने एरवी घर सुखावलं असतं.

अल्पेशने पहारीच्या टोकाने एक चिंधी उलगडली. निळी चौकट दिसली.

"हे काय हाय?" त्याने विचारलं. विचारण्यात कुचेष्टा नव्हती, साधा कामाचा प्रश्न होता. "कोण टाकतं ते समजलं पायजे. न्हायतर आज मी गेलो का पंध्रा दिवसांनी परत तेच."

"पाव्हणे," ठमाबाई म्हणाल्या. "मेले काय वाट्टेल ते टाकतात."

"पाव्हणे लुंगी फाडतात व्हय, काकी?"

जीवन चपलेने माती उकरू लागला. कल्पिता म्हणाली की ती फरशी पुसायची फडकी आहेत, तिच्याच हातून बादलीबरोबर गेली असतील. हे सांगताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. अल्पेशने तिच्याकडे पाहिलं, मग त्या नीट घातलेल्या घड्यांकडे पाहिलं. मग पहारीच्या टोकाने त्याने ती चिंधी परत टोपलीत ढकलली.

मित्रांनो, माझा जन्म तुंबलेलं मोकळं करण्यात गेला, म्हणून एवढं हक्काने सांगतो. कमोडमध्ये पाणी आणि मैला याखेरीज काही टाकू नका. मला वापरलंत तर धुऊन वाळवून ठेवा. माझा हात पोचेनासा झाला की हट्ट करू नका, जाणत्याला हाक मारा. आणि घरातलं कुणी पाणी प्यायचं कमी करू लागलं, चार माणसांत जायचं टाळू लागलं, तर पाहुण्यांच्या नावाने पावती फाडू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. माझ्या बाईने चिंध्या पुरल्या त्या मायेपोटीच, हे मी शपथेवर सांगेन. पण पुरलेल्या मायेचा म्हाताऱ्याला काय उपयोग?

धर्माजी दोन पावलं पुढे आले. कल्पिताने मला भिंतीशी टेकवलं आणि त्यांना धरायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण आधारासाठी नव्हे, तिला गप्प करण्यासाठी.

"सून खोटं बोलते, अल्पेश," ते म्हणाले. "चिंध्या माझ्या हायत. मला लघवी धरवत न्हाय."