चौकोनी नाणं

डेन्मार्कचं चारशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं मामांना उभा जन्म शोधल्यावर सापडलं. ते पाडलंच होतं चौकोनी, म्हणून तर दुर्मिळ. त्याला साजेशी डबी करायला मामांनी ते सोनार भाच्याकडे विश्वासाने दिलं.

भाच्याने परत आणलं ते गरगरीत गोल.

“कोपरे कुठे गेले, गाढवा?” मामा कडाडले.

“मामा, नाण्याला कधी कोपरे असतात का? कापून कानस मारली. मजुरी नको हं, घरचंच काम!”

“घरचं? घर बुडवलंस माझं, मेल्या!”

भाचा दुखावला. त्याने खिशातली पुडी उलगडली. आत चारही कोपरे होते, चिमूटभर कीससुद्धा. “गुंजभर चांदी ठेवली नाही मी.”

मामांनी एकेक कोपरा गोल नाण्याला लावून पाहिला. कार्ट्याला चोर म्हणायचीही सोय उरली नव्हती.