तीन कोरडे व्हॉल्व्ह

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. तोंडानं त्याला खरंच खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. म्हणून त्यानं ते काम यंत्राकडे दिलं.

यंत्र म्हणजे लॉनला पाणी सोडणारा कंट्रोलर. जाडजूड पुस्तकाएवढा पांढरा डबा. भिंतीवर लावायचा, वाय-फायला जोडायचा, आणि मग कुठल्या भागाला कधी, किती वेळ पाणी ते फोनवरून ठरवायचं. जमिनीत व्हॉल्व्ह पुरलेले असतात. डबा त्यांना हुकूम सोडतो, ते उघडतात, फवारे उडतात. सत्तरी उलटली तरी सासूबाई रबरी नळी खांद्यावर टाकून अंगणभर फिरायच्या, म्हणून नवऱ्यानं हौसेनं तो आणून बसवला होता.

सुरुवातीला सासूबाईंनी डब्याशी अबोला धरला. "आला, भिंतीवर चढून बसला. वीज खातो, वाय-फाय खातो, आणि काम सांगितलं की म्हणतो उद्या पाऊस आहे, आज राहू दे." त्यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. मुलगी नाही त्यांना, तेव्हा ती हौस डब्यावर भागवून घेतली. पण बाई जात्याच हट्टी. चष्मा नाकावर घेऊन बसल्या आणि बघता बघता ते ॲप कोळून प्यायल्या. फाटकाजवळचा भाग, मधला भाग, मागचा भाग, तिघांच्या वेळा वेगळ्या. आमच्याकडे राहायला आल्या तरी सकाळी चहाच्या आधी फोन उघडून घरच्या गवताला पाणी सोडायच्या, आणि मला ऐकवायच्या, "बघ सूनबाई, इथे बसून माझं काम झालं. तुझी अजून भांडी पडलीत."

आमचं फार गुळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. त्या टोचून बोलायच्या, मी उलटून बोलायचे. पण भांडण झालं की त्या शेवटी म्हणायच्या, "फटकळ आहेस, पण तुझ्या तोंडी खोटं नाही." ती एकच पदवी त्यांनी मला दिली, आणि ती मला आवडायची, हे कबूल करते.

मग त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यावर छातीत कफ भरला, आणि मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्या उभ्या राहतील अशी आशा ठेवू नका, आणि फार दिवसांचीही ठेवू नका. त्यांना हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत हलवलं, जिथे बरेच दिवस राहणारे पेशंट ठेवतात. घर बंद पडलं. ते सासऱ्यांच्या वेळेपासूनच नवऱ्याच्या नावावर होतं. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरला दवाखाना मोठा करायचा होता. त्यानं विचारलं, आणि नवऱ्यानं देऊन टाकलं.

"आईंना विचारलंस?" मी म्हटलं.

"काय विचारायचं? तिला आता जायचंय कुठे? उगाच शेवटचे दिवस कशाला कडू करू?"

नातेवाइकांनाही त्यानं तोंडं शिवायला लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच ते सांगायला जायचं नव्हतं, त्यामुळे सगळे एकदम समजूतदार झाले.

एक मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. सासूबाई खाटेवर पडल्यापडल्या रोज सकाळी लॉनला पाणी सोडत होत्या. अंगात ताप, हाताला सुई, पण अंगठा फोनवर. दातांच्या डॉक्टरचा फोन आला. लॉन उकरून तिथे पेशंटच्या गाड्या लावायची सोय करायची होती, आणि रोज सकाळी कुणीतरी पाणी सोडून खड्ड्यांत चिखल करत होतं. तुमचा डबा घेऊन जा, म्हणाला.

नवरा गेला. संध्याकाळी परत आला तो डबा घेऊन, आणि सोबत पिशवीत तीन व्हॉल्व्ह. जमिनीतून उपटलेले, अजून माती लागलेले. मला वाटलं, भंगारात द्यायला आणलेत. तर हा पठ्ठ्या फळीवर डबा ठोकतोय, त्याखाली ओळीनं तीन व्हॉल्व्ह बांधतोय, वायरी जोडतोय. मग फळी आमच्या कपडे वाळत घालायच्या गॅलरीत टांगली आणि डबा आमच्या वाय-फायला जोडला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नुसता डबा लावला तर ॲपवर लाल खूण येते. तिला कळेल. व्हॉल्व्ह जोडले की सगळं हिरवं दिसतं."

मी डोक्याला हात लावला. "अरे, ह्याच्यापेक्षा सांगून टाक ना."

"दोनचार आठवड्यांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी गप्प बसले. माणूस वाईट नाही तो, भित्रा आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी कपडे वाळत घालत होते आणि मागे टक् झालं. पहिला व्हॉल्व्ह उघडला होता. आत पाणी नाही, बाहेर पाणी नाही. थोड्या वेळानं तो मिटला आणि दुसरा वाजला, मग तिसरा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी अंगठ्यानं गवत भिजवत होती आणि इथे माझ्या ओल्या चादरीमागे तीन लोखंडी तोंडं उघडून मिटत होती. मी बादली तिथेच ठेवून आत गेले. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हा फार घाणेरडा गुण आहे.

त्या आठवड्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हात कसला, नुसती काडी. "तू घरावरून जातेस ना? कडेचं गवत पिवळं पडलंय का गं? खरं सांग. हा मला सगळं छानच सांगतो."

मी त्याच सकाळी तिकडून गेले होते. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले होते आणि त्यांच्यावर पांढरे पट्टे मारायचं काम चाललं होतं.

"नाही आई," मी म्हटलं. "हिरवंगार आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग ठीक आहे. तू म्हणतेस म्हणजे ठीक आहे."

घरी येऊन मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आता पुढचं ऐका. दोनचार आठवडे गेले आणि त्या गेल्या नाहीत. कफ सुटला, ताप उतरला, दोन घास जास्त जायला लागले. व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ त्यांना आधी नुसते पाय हलवायला लावायची. तिला एक दिवस त्या म्हणाल्या, "मला बसतं कर. मागच्या भागातला फवारा दर महिन्याला कचऱ्यानं तुंबतो. तो टाचणीनं साफ करावा लागतो, आणि ते ह्या दोघांना जन्मात जमायचं नाही. मला गेलं पाहिजे."

बसत्या झाल्या. मग खाटेला धरून उभ्या राहिल्या. वॉकर आला. पहिल्या दिवशी त्या दारापर्यंत गेल्या आणि रडल्या, दुखलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. फिजिओला म्हणायच्या, "आज दार, उद्या जिना, परवा फाटक." फिजिओ बिचारी आम्हाला उत्साहानं सांगायची, इतकी जिद्द मी कुणात पाहिली नाही, घराची काय ओढ आहे हो त्यांना. मी मान हलवायचे. नवरा खिडकीबाहेर बघायचा. आई पाय टाकायला लागली म्हणून धास्तावलेला मुलगा मी त्या दिवसांत पाहिला, आणि तो माझ्याच घरात जेवत होता.

"सांग," मी रोज म्हणायचे. "आत्ता सांग. अजून आत आहे, डॉक्टर आहेत, कुणी धरायला आहे."

"सांगतो. थोडी ताकद येऊ दे."

ताकद आली तशी त्याची हिंमत आणखी गेली. मोठ्या डॉक्टरांनी आनंदानं सांगितलं की आता घरी न्या. तेव्हा ह्यानं त्यांना विचारलं, अजून काही दिवस ठेवता येईल का. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, खाटेला रांग लागली आहे.

मग त्यानं डोकं चालवलं. गॅलरीत जाऊन डब्याची वायर काढली.

"लॉन वाळलं म्हणून सांगू," तो म्हणाला. "पाणी नाही, गवत नाही. मग तिची ओढ आपोआप कमी होईल. हळूहळू."

"तुझी आई आहे ती. गवत नाही."

"मग तू कर ना काहीतरी."

मी वायर परत लावली. त्यानं परत काढली. आम्ही दोन मोठी माणसं त्या गॅलरीत एका प्लगसाठी झोंबत होतो. शेवटी तोच जिंकला, कारण मला कामावर जायचं होतं.

सासूबाईंच्या फोनवर दिसायला लागलं की डबा बंद आहे. नवऱ्याला वाटलं होतं त्या खचतील. त्या जिद्दीला पेटल्या. रोज एकदा चालायच्या त्या सकाळ-संध्याकाळ चालायला लागल्या. मला फोन करून म्हणाल्या, "जावईबापूंनी मान टाकली गं. वायर उंदरांनी खाल्ली असणार. तू डॉक्टरांच्या मागे लाग, मला लवकर सोडा म्हणावं. गवत चार दिवस तग धरतं, जास्त नाही."

सोडायच्या दिवशी त्यांनी स्वतः केस विंचरले. लिफ्ट नको म्हणाल्या, पण फिजिओनं ऐकलं नाही. खाली आल्यावर मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. लांबलचक कॉरिडॉर त्या एकट्या चालल्या. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसं बाजूला झाली आणि एकानं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी त्याच्याकडे अशा रुबाबात बघितलं की मला हसू आलं.

दारात नवरा मला हळूच म्हणाला, "मी गाडी आणतो. तू सांग. तुला स्पष्ट बोलता येतं." आणि गेला. पळाला, असं म्हणा.

आम्ही दोघी पायऱ्यांपाशी उभ्या राहिलो. सासूबाई धापा टाकत होत्या, पण चेहरा उजळला होता.

"आधी घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "मला आत नाही जायचं, घाबरू नकोस. फाटकातून बघते, उंदरांचं काय ते बघते, मग तुमच्याकडे येते."

"आई, घर विकलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा म्हणताना स्वतःचाच राग आला.

"कधी?"

"तुम्ही इथे आलात, त्यानंतर लगेच. डॉक्टर म्हणाले होते की तुम्ही आता..."

"आणि लॉन?"

"उकरलं. सिमेंट केलंय. गाड्या लावतात तिथे."

त्यांनी वॉकरची मूठ घट्ट धरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी इतके दिवस पाणी कुठे घालत होते?"

मी सांगितलं. फळी, डबा, तीन व्हॉल्व्ह, आमची गॅलरी. "पाणी नव्हतंच, आई. कुठेच जात नव्हतं."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुला विचारलं होतं."

तेवढ्यात नवऱ्यानं गाडी पायऱ्यांना अगदी लावून उभी केली, उतरून मागचं दार उघडलं आणि खोटा आनंदी आवाज काढून म्हणाला, "चल आई, बस."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी वॉकर सोडला. "मला वर ने," त्या मला म्हणाल्या. "माझ्या खाटेवर."

सामानाची पिशवी घेऊन मागे आलेली वॉर्डची आया म्हणाली, "आजी, त्या खाटेवर दुसऱ्या बाई आल्या. चादर बदलून झालीसुद्धा."

गाडी समोरच होती. दार उघडं होतं. मी म्हटलं, आई, चला. नवरा म्हणाला, आई, चल ना. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. त्या तशाच उभ्या होत्या, आणि मग उभ्याही राहिनात, गुडघ्यांतून खाली यायला लागल्या. नवऱ्यानं काखेत हात घातले, मी पायांखाली घातले, आणि आम्ही त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. त्यांनी विरोध केला नाही, मदतही केली नाही. त्यानंतर त्या चालल्या नाहीत.