धाकट्या माथ्याची काठी

मित्रांनो, चंद्रपुरात गफ्फारभाईंच्या घरी, दारामागे छत्रीच्या शेजारी जी बांबूची जुनी काठी उभी आहे, ती मी. माझा जन्म मात्र इथला नाही. भामरागडकडच्या जंगलात दोन माथ्यांचा एक डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी मी वाढले. पायथ्याच्या गावातल्या लालसूने मला तोडले, महिनाभर चुलीच्या धुरावर टांगले आणि मोहाच्या टोऱ्यांचे, म्हणजे बियांचे, तेल पाजले. त्याचे मित्र गफ्फारभाई गावातला हातपंप दुरुस्त करायला येत. त्यांनी माझ्या टोकाला लोखंडी टोपण बसवले.

मोठ्या माथ्यावर देव आहे, तिथे सगळे जातात. धाकट्या माथ्यावर कोणी जात नाही. मधली खिंड अरुंद आहे आणि दगड पायाखालून सरकतात. लालसू मात्र दर हिवाळ्यात मला घेऊन धाकट्यावरच चढे. त्याची बहीण सोमारी इंद्रावतीपलीकडच्या गावात दिली होती. ती वारली तेव्हा नदीला पूर होता, लालसू पोचला नाही. नंतर कोणत्या तोंडाने जावे, असेच त्याला वाटत राहिले. माथ्यावर तो नदीकडे तोंड करून बसे आणि मी त्याच्या मांडीवर आडवी असे. तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

मग त्याचे गुडघे गेले. निवृत्त झालेले गफ्फारभाई भेटायला आले, तेव्हा त्याने मला त्यांच्या हाती दिले. म्हणाला, "माह्या बदला तू जा, भाऊ. माथ्यावरून सोमारीचं गाव पाहून ये."

गफ्फारभाईंना उंचीची भीती. खिंडीत त्यांचा पाय घसरला. मी कपारीत रुतले, मला उभी चीर गेली, पण मी सुटले नाही. ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. मग उठले आणि माथ्यावर गेले. समोर नुसते धुके. दुपार झाली तरी नदीसुद्धा दिसली नाही.

उतरताना ते पुटपुटत होते, दिसलं म्हणून सांगितलं तर काय बिघडतं? पण अंगणात वाट पाहणारा लालसू समोर आला आणि त्यांना खोटे बोलवेना.

"काई दिसलं नाई, भाऊ."

"मले बी कधी दिसलं नाई," लालसू म्हणाला. "गाव लय दूर हाये. पण तिच्याकडे तोंड करून बसलं का बरं वाटे." हे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात लालसू गेला. गफ्फारभाईंना आता डॉक्टरांनी चढण बंद केली आहे. मी इथे भिंतीला टेकून त्या माथ्यावरचा वारा आठवत असते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या काठीला कधीतरी तेलाचा हात लावा. आणि ज्यांचे पाय थकले आहेत त्यांना विचारा, कुठे जायचे राहून गेले? त्यांच्यासाठी एकदा तिथे जाऊन या. काही दिसले नाही, तर तसेच सांगा. त्यांना तेही पुरेल.